दारी मांडव

मी जातीची शिंपीण. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, त्यामुळे कुणी मोघम बोललं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. 'रस्ता मोठा करणार' असं म्हणालात की मी लगेच विचारणार, किती फूट, कुणासाठी, आणि ते कापड कुणाच्या अंगावरून काढणार? सत्त्याण्णव साली मी हे विचारलं तेव्हा अर्ध्या बाजाराला वाटलं, सुनंदाबाईला ऊन लागलंय.

बंगळूरच्या चिकपेटला लागून आमची रंगारी बीदी. बीदी म्हणजे गल्ली, पण तीनशे वर्षं इथे काढल्यावर आमच्या तोंडात बीदीच येते. पूर्वी आमचे भावसार लोक इथे रंगवलेलं कापड वाळत घालायचे. आता दोन्ही बाजूंना साड्यांची, अस्तरांची दुकानं. आमचं घर पूर्वेला, आणि माझं ब्लाउज शिवायचं दुकान बरोब्बर समोर, पश्चिमेला. मधे रस्ता. या गटारापासून त्या गटारापर्यंत माझ्या टेपनं तीस फूट.

ठकुबाई अक्का माझी थोरली नणंद. लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परत आली आणि सुई हातात घेतली, ती अडुसष्टाव्या वर्षापर्यंत खाली ठेवली नव्हती. काजं करायची. काजाचं मशीन बाजारात आलं तरी जुनी गिऱ्हाइकं विचारायची, ठकुबाईंच्या हातचं काज आहे ना? रोज सकाळी नऊला ती रस्ता ओलांडून दुकानात यायची, उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवत काजं करायची. मला जितका राग येतो त्याच्या दुप्पट तिला यायचा. त्यामुळे आमचं छान जमायचं.

मग कुणीतरी कुठेतरी बसून आमचा रस्ता एकेरी केला. आधी दोन्हीकडून गाड्या यायच्या, एकमेकींना अडायच्या, ड्रायव्हर एकमेकांची आयमाय काढायचे, तोवर आपण निवांत पलीकडे जायचो. आता मारुतीच्या देवळाचं वळण सुटलं की टेम्पो सुसाट. महिन्याभरात अख्खी बीदी पळायला शिकली. बायका निऱ्या वर धरून पळतायत, कडेवर पोर घेऊन पळतायत, पोटुशी बाई पळतेय. पलीकडे पोचल्यावर सगळे हसायचे, बक्षीस मिळाल्यासारखे. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. आपल्याच गल्लीत चोरासारखं पळायचं आणि वर हसायचं?

अक्का पळाली नाही. ती म्हणायची, मी कुणाचं काही घेतलेलं नाही, मी का पळू? दिवाळीनंतर एका टेम्पोनं तिला उडवलं. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली, चार महिने अंथरुणात गेले. उठली तेव्हा हातात काठी होती आणि एका पावलाला एक फूट जेमतेम पडत होता. आता तिनं ठरवलं असतं तरी तिला पळता आलं नसतं.

माझा मुलगा यशोवर्धन. त्यानं शहराबाहेर देवनहळ्ळीला नव्या लेआउटमध्ये घर बांधलेलं, दोन खोल्या आणि मागे पेरूचं झाड. तो म्हणाला, आत्याला मी तिकडे नेतो. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो. पोरगा वाईट नाही हो. इस्पितळात आत्याचे पाय धरून रडलेला मी पाहिलाय. पण त्याच्या बोलण्यात सगळं ठरल्यासारखं होतं. तिथे रस्त्यावर गाड्याच नाहीत, म्हणाला. अक्का म्हणाली, माणसं तरी आहेत का?

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "सुनंदा, तिथे मी काय करणार? पेरूंना काजं करू?"

मी हसले आणि मग माजघरात जाऊन रडले. कारण ती जाईल आणि सहा महिन्यांत संपेल, हे मला दिसत होतं. तिला आजार नव्हता. तिला तीस फूट आडवे आले होते.

मी यशोला धरलं. तिच्या पायाला काही झालेलं नाही, रस्त्याला झालंय, असं सांगितलं. शेवटी वैतागून तो म्हणाला, ठीक आहे, आत्या कुणाचा हात न धरता, एकटी दुकानात येऊन दाखवू दे, मी परत देवनहळ्ळीचं नाव काढणार नाही. अशक्य म्हणूनच बोलला तो. पण मी ते शब्द पदराच्या गाठीला बांधून ठेवले.

मार्चमध्ये पालिकेचा एक इंजिनियर आला. कृष्णमूर्ती नाव. हातात नकाशाची गुंडाळी, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर आठवडाभराची झोप राहिलेली. दोन पोरं टेप धरून फुटपाथ मोजत होती. मी कन्नडमध्ये विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, रस्ता रुंद होणार, दोन्ही बाजूंचा फुटपाथ तीन तीन फूट कापणार, आणि कडेनं लोखंडी कठडा. लोकांनी मधूनच ओलांडू नये म्हणून. ओलांडायचं असेल तर बीदीच्या टोकाला जायचं, तिथे पट्टे मारून देणार.

आमच्या दारापासून टोक म्हणजे अक्काच्या पावलांनी सहाशे पावलं. तिथून पलीकडे, आणि परत सहाशे. समोरच्या उंबऱ्यावर यायला बाराशे पावलं. मी त्याला काहीतरी जळजळीत बोलणार, तेवढ्यात त्याचा पाय सुटलेल्या फरशीत अडकला आणि त्याच्या तोंडून निघालं, "अगाई गं!"

मी म्हटलं, अस्सं. म्हणजे तुम्ही आमचेच. तो ओशाळला. राजाजीनगरात राहतो म्हणाला, घरात मराठीच, आई ब्लाउज शिवायची. मग तर मी त्याला सोडलाच नाही. दुकानात बसवलं, पाणी दिलं, आणि नकाशा माझ्या बेतायच्या टेबलावर पसरायला लावला. रेघा छान होत्या. गाड्यांचे आकडे होते, तासाला किती, कुठल्या बाजूनं किती. मी विचारलं, माणसांचे आकडे कुठे आहेत? तो म्हणाला, अम्मा, या तक्त्यात पायी चालणाऱ्यांचा रकानाच नसतो.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या आईला विचारा. ब्लाउज बेतताना शिवणीत माया सोडतात. अंग भरलं, श्वास घेतला, तर कापड फाटू नये म्हणून. तुमच्या या बेतात माया कुठे आहे?"

त्यानं नकाशाची गुंडाळी केली. मग हळूच म्हणाला की त्यालाही हा बेत आवडलेला नाही, पण वरून आलाय. मी म्हटलं, कापड कापायच्या आधी आम्ही कच्चा टाका घालतो, गिऱ्हाइकाला घालून बघायला देतो, मग कात्री लावतो. तुम्ही एकदम कात्रीच घेऊन आलात. फुटपाथच्या कडेच्या दगडांऐवजी आधी बांबू लावून आठ दिवस बघा ना. तो म्हणाला, रस्त्यावर एक बांबू रोवायचा तरी लेखी परवानगी लागते, आणि असल्या गोष्टीला ती कुणी देणार नाही. उठताना मात्र त्यानं फरशीकडे बोट केलं आणि जपून चला म्हणाला. मी म्हटलं, जपायचं आम्हीच का?

आता पुढचं ऐका, कारण इथे माझ्या जिभेनं घोळ घातला.

दरवर्षी आमची मंडळी युगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, रामनवमीपर्यंत घरासमोर मांडव घालतात. येणाऱ्याजाणाऱ्याला पानक, म्हणजे गुळाचं सरबत, आणि कोसंबरी, म्हणजे भिजल्या डाळीची कोशिंबीर, वाटतात. त्याला ठाण्यातून कागद आणावा लागतो. दरवर्षी मंडळाचे उमाजी आणायचे, त्या वर्षी ते लेकीकडे गेलेले, म्हणून मी गेले. लिहिणाऱ्या पोलिसानं मान वर न करता विचारलं, चप्पर कुठे? म्हणजे मांडव कुठे. मला कन्नड फाडफाड येतं, पण घाईत घरचा शब्द आधी सुटतो. मी म्हटलं, नम्म दारी. आमच्या दारी. त्यानं लिहिलं, शिक्का मारला, मी सही केली आणि घरी आले.

चहा घेताना एकेक अक्षर लावून वाचलं आणि कप तसाच राहिला. कन्नडमध्ये दारी म्हणजे रस्ता. त्यानं लिहिलं होतं, रंगारी बीदीत रस्त्यावर चप्पर घालायला परवानगी. नऊ दिवस. सही, शिक्का, तारीख.

चूक सुधारून आणावी म्हणून मी उठले. चपला घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेले. समोर एक शाळकरी पोरगी दप्तर छातीशी धरून पळत होती. मी चपला काढल्या.

त्याच दुपारी मी आणि अक्का खिडकीत बसलो. वळणावर टेम्पो दिसला की मी आकडे मोजायला लागायची, आमच्या दारापुढे येईपर्यंत सोळा. पुन्हा पुन्हा मोजलं, सोळाच्या खाली आला नाही. मग अक्का खोलीत चालली आणि मी मोजलं, एका आकड्याला एक पाऊल, एक फूट. तीस फुटांना तीस आकडे. म्हणजे ती मधोमध पोचणार आणि टेम्पो तिच्या अंगावर. आणि दोन्ही कडांना आठ आठ फूट मांडव पुढे आणला तर? मधे राहतात चौदा फूट. लॉरी आरामात जाते, एकेरीच तर रस्ता आहे. अक्काला चौदा आकडे. वर दोन आकडे उरले.

"ती माया," अक्का म्हणाली.

रविवारी सकाळी दुकानं बंद असताना मी पदर खोचून रस्त्यावर उतरले. निळा खडू, टेप, आणि गाठी मारलेली सुतळी. दोन्ही बाजूंना आठ आठ फुटांवर रेघ मारली, कोपरे काखेच्या गोलाईसारखे वळवले, म्हणजे गाडी घासणार नाही. मांडववाल्यानं विचारलं, अम्मा, खांब रस्त्यात का? मी कागद दाखवला. त्यानं वाचलं, मान हलवली, सरी, म्हणजे ठीक, म्हणाला आणि बांबू रोवले. बुंध्याला दगडांनी भरलेल्या गोण्या. वर पांढरं कापड, आंब्याची पानं. देवाचं काम म्हणून कुणी ब्र काढला नाही, सोमवारी बाजार उघडेपर्यंत.

सोमवारी आप्पाजी आले. बीदीतल्या दुकानदारांच्या संघाचे अध्यक्ष, माझ्या दुकानाशेजारचे अस्तरांचे ठोक व्यापारी. दहा वर्षं फुटपाथवर यांचे गठ्ठे आणि कडेला यांच्या स्कूटरी. ते माझ्यावर इतके ओरडले की त्यांच्या कपाळावरचं गंध ओघळलं. माझी लॉरी कुठे उभी राहणार, गिऱ्हाईक कुठून येणार, तू कोण रस्ता अडवणारी? मी म्हटलं, अण्णा, मी रस्ता अडवला नाही, तुमच्या स्कूटरींनी जेवढा अडवला होता तेवढाच मी घेतलाय. फक्त आता तिथे माणसं उभी राहतात. त्यांनी पोलिसाला आणलं. पोलिसानं काखेत काठी धरून कागद वाचला. दारियल्ली असंच आहे, म्हणाला. रस्त्यावर. आप्पाजींनी तो कागद उलटा करूनही पाहिला.

मी खोटं बोलले नाही. मला कुणी विचारलंच नाही.

पहिल्या दोन दिवसांत तमाशाच झाला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, मला उद्देशून काय काय बोलायचे. मीही काही कमी बोलले नाही, मला तीन भाषांत येतं. पण गंमत अशी की वळणावरून सुसाट आलेली गाडी ते बांबू पाहून आपोआप दबायची. अरुंद दाराशी माणूस खांदा आक्रसतो तसं. आता मोजल्यावर सोळाऐवजी वीस यायला लागले, कधी बावीस. लोक कापडाच्या सावलीत येऊन उभे राहायचे, पानक प्यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि चालत पलीकडे जायचे. चालत.

तिसऱ्या दिवशी कृष्णमूर्ती आला. लांबूनच खांब पाहून थबकला. मी त्याला कागद दाखवला, त्यानं दारी या शब्दावर बोट ठेवलं आणि त्याला हसू फुटलं. मग तो माझ्या दुकानात खुर्ची टाकून बसला, वही काढली आणि सलग तीन दिवस मोजत राहिला. गाड्या पूर्वीइतक्याच जात होत्या, एकही कमी नाही. कारण आधीही कडेच्या स्कूटरींमुळे जागा तेवढीच होती, कुणी मोजली नव्हती. दुसऱ्या पानावर त्यानं पट्टीनं एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, चालणारे. एका दिवसात सहा हजारांवर गेले. तो म्हणाला, मी हे वर पाठवतो, पण तिथे काय होईल सांगता येत नाही. घाबरलेला होता, पण लिहीत होता. मला तो आवडायला लागला.

सहाव्या दिवशी आप्पाजींनी आपल्या दुकानापुढच्या मांडवात दोन बाकडी आणून ठेवली. पानक घेऊन उभ्या राहिलेल्या बायका त्यांच्या काचेतली अस्तरं बघत होत्या ना. माझ्याशी मात्र बोलले नाहीत. मीही बाकड्यांबद्दल काही बोलले नाही, स्वल्प कळतं मला.

आणि अक्का? अक्का खाली उतरलीच नाही. रोज खिडकीत बसून आकडे मोजायची. मी म्हणायची, चल. ती म्हणायची, उद्या. आयुष्यात कुणाला न भिणारी ही बाई रस्त्याला भ्यायली होती, आणि ते मला सांगायची तिला लाज वाटत होती. आठव्या दिवशी मी चिडले, नको ते बोलले. म्हटलं, जा मग पेरूखाली बस. रामनवमीच्या संध्याकाळी तिनं ट्रंक भरली. सुयांचा डबा सगळ्यात वर ठेवला.

दहाव्या दिवशी सकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या. यशोवर्धन गाडी घेऊन आला. मांडवामुळे दारात थांबता येईना म्हणून त्यानं ती वळणाच्या अलीकडे उभी केली आणि आत जाऊन ट्रंक उचलली. आणि मांडव काढायला पालिकेची माणसं आली. परवानगी संपली, म्हणाली, हुकूम आहे. मी दुकानातून धावत बाहेर आले. त्यांनी पश्चिमेचा, माझ्या दारातलाच पहिला बांबू हलवायला घेतला. मी गोणीवर बसले. मुकादम म्हणाला, अम्मा, उठा. मी म्हटलं, नाही उठत. कृष्णमूर्ती तिथेच होता, कुणाला तरी समजावत होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मी एकटी बाई, गोणीवर बसलेली, आणि समोर माझा मुलगा माझ्याकडे असं बघतोय की आई, पुरे कर आता.

त्याच्या मागून अक्का आली. काठी डाव्या हातात, सुयांचा डबा उजव्या. ट्रंकेतून परत काढला होता. ती पूर्वेच्या मांडवाच्या टोकाला आली आणि थांबली. यशो पुढे झाला, हात धरायला. तिनं काठीनंच त्याला मागे सारलं.

वळणावर लॉरी दिसली. मोठी, लोखंडाच्या सळयांची. अक्का उतरली.

एक. दोन. तीन. मी मोठ्यानं मोजत होते हे मला नंतर लोकांनी सांगितलं. सात म्हणेपर्यंत ती मधोमध. लॉरी बांबूंपाशी येऊन दबली, ड्रायव्हरनं तोंड बाहेर काढलं, आणि थांबला. हॉर्नवर हात होता, पण दाबला नाही. अक्कानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. बारा. तेरा. चौदा. ती पश्चिमेच्या मांडवात शिरली आणि माझ्या शेजारी गोणीवर बसली. तिनं डबा उघडला, सुई काढली.

मुकादम म्हणाला, आजी, बांबू काढायचाय.

"कच्चा टाका आधी काढत नाहीत," अक्का म्हणाली. "आधी पक्की शिवण घाला. फुटपाथचे दगड घेऊन या, इथे या रेघेवर बसवा. मग मी स्वतः उसवून देते."

मराठीत बोलली ती, मुकादमाला ओ की ठो कळलं नाही. कृष्णमूर्तीनं कन्नडमध्ये सांगितलं, एक शब्द न गाळता, आणि सांगून झाल्यावर तोही त्या बांबूला पाठ लावून उभा राहिला. इस्त्रीच्या शर्टानं. मग आप्पाजी आले आणि त्यांच्या एका बाकड्यावर बसले. माझ्याकडे न बघता. मग अस्तर घ्यायला आलेल्या बायका. पालिकेची माणसं अर्धा तास थांबली आणि दगड आणायला सांगतो म्हणून निघून गेली. दगड बसले ते पुढच्या संक्रांतीला. तोवर वरचं कापड फाटून गेलं, आंब्याची पानं गळून गेली, पण बांबू एकदाही हलला नाही. मी रोज सकाळी हलवून बघायची.

पण ते नंतरचं. त्या सकाळी यशोवर्धन पलीकडे ट्रंक धरून उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आत्याकडे बघत होता, लॉरीकडे बघत होता. मी त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून देणार होते, पण गरज पडली नाही. त्यानं ट्रंक परत घरात नेऊन ठेवली आणि रिकाम्या हातांनी बाहेर आला.

अक्कानं सुईत दोरा ओवायला घेतला, तो ओवला जाईना. चष्मा घरीच राहिलेला. तिनं हाक मारून सांगितलं, चष्मा आण रे. तो आत गेला, चष्मा घेऊन आला, आणि सवयीनं मान खाली घालून रस्त्यावर धावत सुटला.

"यशो," अक्का म्हणाली, "पळू नकोस. चालत ये."

तो मधेच थांबला. मग चालत आला.